मुक्काम पोस्ट आपलेच गाव

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या आईच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढण्यात आला, डॉक्टरांनी दीड महिना थेंब घालण्याचे आणि धूळ व प्रवास टाळण्याचे पथ्य सांगितले, आणि मे महिन्यात कोणत्या ना कोणत्या थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा जो रिवाज गेली सात-आठ वर्षे आमच्या घरात पडून गेला होता, तो या वर्षी मोडणार हे निश्चित झाले. महाबळेश्वरचा बेत रहित झाल्याचे कळताच सातवीतला थोरला काही न बोलता खिडकीशी जाऊन उभा राहिला; चौथीतली धाकटी आजीच्या काळ्या चष्म्याकडे पाहत राहिली. आपल्यापायी मुलांची सुटी वाया जाते आहे ही खंत आईच्या मनाला लागली. "तुम्ही सगळे जाऊन या रे, मी राहीन एकटी," असे ती दोनदा म्हणाली. तेव्हा माझी पत्नी म्हणाली, "आई, आपण सगळेच इथे राहू. पुण्यात जन्म काढला, पण सुटी घेऊन पुणे पाहिलंय कुणी?"

त्याच रात्री धाकटीच्या हाती एक नवी वही देण्यात आली. माझे आजोबा एका पेढीवर कारकून होते, त्यांच्या तोंडचा शब्द आईला आठवला, आणि वहीच्या पहिल्या पानावर धाकटीने वळणदार अक्षरांत लिहिले : 'रोजकीर्द'. पानाच्या डाव्या अंगास दिवसभरात काय पाहिले-ऐकले त्याची नोंद करावयाची आणि उजव्या अंगास त्यापायी खिशातून काय गेले ते मांडावयाचे, असा शिरस्ता ठरला. वर्तमानपत्रात रोज सकाळी 'आजचे कार्यक्रम' म्हणून बारीक टाइपात जो मजकूर छापून येतो आणि ज्यावरून आपली नजर सवयीने घसरून जाते, तो वाचून दाखविण्याचे काम थोरल्याकडे आले. दारी तिकिटाचा मोठा भार नसेल तेथेच जावयाचे, ही एकच अट होती. त्या महिन्याची हकीकत येथे निवेदन करावयाची आहे. एका कुटुंबाची ती खासगी आठवण आहे हे खरे. परंतु तिच्यातून जे ध्यानात आले ते खासगी ठेवण्यासारखे नाही.

*

उन्हाळ्याच्या सुटीचा आपल्याकडील जुना अर्थ आजोळ असा होता. परीक्षेचा शेवटचा पेपर संपला की वळकट्या बांधून मुले मामाच्या गावी रवाना होत आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत परतत नसत. आमच्या मुलांचे आजोळ हडपसरला, म्हणजे घरापासून तासाभराच्या बसच्या अंतरावर आहे; असंख्य शहरी कुटुंबांची आज हीच स्थिती आहे. आजोळाची ती रिकामी झालेली जागा पर्यटनाने व्यापली. सुटी म्हणजे पैसे मोजून विकत घ्यावयाची वस्तू, आणि ती ज्याला विकत घेता येत नाही त्याची सुटी जणू झालीच नाही, अशी एक समजूत नकळत मुलांच्या मनात रुजली, आणि ती रुजविण्यात आमच्यासारख्या पालकांचा हात आहे.

उन्हाळ्यात डोंगरावर जाण्याचा प्रघात मुळात राज्यकर्त्यांचा. मुंबई इलाख्याचे इंग्रज सरकार एप्रिल-मे महिन्यांत आपल्या दप्तरासह महाबळेश्वरी मुक्काम हलवी आणि पावसाळा लागला की पुण्यास गणेशखिंडीत येऊन राही. मागे राहिलेल्या पुणेकरांनी त्या उन्हाळ्यांत काय केले, याचे उत्तर या शहराच्या इतिहासात सन्मानाने नोंदलेले आहे. १८७१ पासून येथे न्यायाधीश म्हणून राहिलेल्या महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा आरंभ केला. त्याच वर्षी स्वामी दयानंद पुण्यात येऊन व्याख्याने देऊन गेले, आणि त्यांच्या मिरवणुकीवर सनातन्यांनी दंगा केला तेव्हा रानडे आणि जोतीराव फुले हे दोघेही तिच्यात सामील होते. तीन वर्षांनी, १८७८ च्या मे महिन्यात, रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन याच गावी भरले. पुण्याच्या मे महिन्याला भाषणाची आणि विचाराची जी सवय लागली ती अशी.

*

रोजकीर्दीतील पहिली नोंद अक्षय्य तृतीयेची आहे. चैत्रगौर त्या दिवशी निरोप घेते, म्हणून आमच्या इमारतीतील तळमजल्यावरच्या काकूंकडे शेवटचे हळदीकुंकू होते. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी आणि वाळ्याचे पाणी, एवढाच त्या समारंभाचा सरंजाम. परंतु ज्या घरांची दारे एरवी वर्षभर बंद असतात त्या घरांतील बायका तासभर एका चटईवर बसल्या, आणि आईच्या डोळ्याची विचारपूस करीत असता तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहावयास आलेल्या एका बाईंनी, आपण रुग्णालयात परिचारिका असून रोज संध्याकाळी थेंब घालून देत जाऊ, असे आपण होऊन सांगितले. पुढे महिनाभर त्या आल्या. कार्यक्रमांच्या कोणत्याही यादीत हा समारंभ छापला गेला नव्हता, तरी सुटीतील पहिला सार्वजनिक कार्यक्रम म्हणून त्याची नोंद धाकटीने केली, आणि ती योग्यच होती.

त्याच सायंकाळी आम्ही दगडूशेठ हलवाई गणपतीपुढे अकरा हजार आंब्यांचा महानैवेद्य पाहावयास गेलो. गाभाऱ्यापासून थेट बाहेरपर्यंत रचलेल्या त्या केशरी राशीचा वास रस्त्यावर, वाहनांच्या धुरावर मात करून, पोचत होता. हे आंबे दुसऱ्या दिवशी ससून रुग्णालयातील रुग्णांना आणि अनाथाश्रम, वृद्धाश्रमांतून प्रसाद म्हणून वाटले जातात हे कळल्यावर थोरल्याने विचारले, "म्हणजे ज्यांना इथे येता येत नाही त्यांच्याकडे गणपतीच जातो?" त्या प्रश्नाला मी होकार दिला.

तेथून चार पावलांवर मंडई आहे. १८८६ साली 'रे मार्केट' या नावाने उघडलेली ही अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत बांधण्यास जोतीराव फुले यांचा विरोध होता. गरिबांच्या शिक्षणाची उपेक्षा होत असता नगरपालिकेने एवढा पैसा इमारतीत घालू नये, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने तीच इमारत महात्मा फुले मंडई झाली. आपल्या कारभारावर प्रखर टीका करणाऱ्या माणसाचे नाव एखादे शहर आपल्या भरल्या बाजाराला देते, यात त्या शहराच्या मनाचे उशिरा आलेले मोठेपण आहे. मुलांना ही कथा सांगत आम्ही गाळ्यांमधून हिंडत होतो. एका म्हाताऱ्या बागवानाने गवताच्या आढीतून एक पायरी आंबा काढून धाकटीच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "दाबू नको पोरी, दाबला की डागाळतो. देठापाशी नाक लाव." तिने लावले. मग त्याने दुसरा, वरून तितकाच पिवळा आंबा दिला; त्याला देठाशी कसलाच वास नव्हता. "हा रंगानं पिकलाय, आतून नाही," तो म्हणाला. त्या संध्याकाळी आम्ही त्याच्याकडून अर्धा डझन आंबे घेतले; तो धडा मात्र त्याने असाच दिला होता.

*

वसंत व्याख्यानमाला २१ एप्रिलपासून २० मेपर्यंत चालते. वक्तृत्वोत्तेजक सभा ती भरविते, आणि टिळक रस्त्यावरील टिळक स्मारक मंदिर हे तिचे स्थान सर्वांना ठाऊक आहे. मी त्या रस्त्याने हजारदा गेलो असेन. आत मात्र कित्येक वर्षांत पाऊल टाकले नव्हते. मेच्या पहिल्या आठवड्यात, आईला बाहेर पडण्याची परवानगी मिळाल्यावर, आम्ही पाचही जण तेथे गेलो. वैशाखातला दिवस कलला होता, पंखे फिरत होते, आणि खुर्च्यांवर बसलेले बहुतेक श्रोते साठीच्या पुढचे होते. शेजारी बसलेल्या एका गृहस्थांच्या हाती जाड पुठ्ठ्याची वही होती. मी चौकशी केली तेव्हा ते म्हणाले, "निवृत्त झाल्यापासून दरवर्षी महिनाभर येतो. ऐकलेलं लिहून ठेवतो. या माझ्या बाराव्या उन्हाळ्याच्या नोंदी." वर्षाला एक वही, याप्रमाणे घरच्या फडताळात त्यांच्या अकरा वह्या आहेत. सभागृहावर नजर फिरवून ते पुढे म्हणाले, "तुमची मुलं पाहून बरं वाटलं. या वयाचं कुणी येत नाही हो." मी मागे वळून पाहिले. विशीच्या आतील चेहरे त्या दिवशी मोजून चार होते, आणि त्यांतले दोन आमचे.

व्याख्यान नद्यांविषयी होते. नदीला तिचे पूरक्षेत्र असते, कोरड्या दिवसांत माणूस ते आपले समजून त्यावर बांधतो, आणि पुरात नदी आपल्या जुन्या हद्दी पुन्हा मागून घेते, असे प्रतिपादन वक्त्यांनी संथपणे, नकाशे दाखवीत केले. धाकटीला शेवटच्या वीस मिनिटांत झोप लागली. थोरला मात्र ताठ बसून होता.

परतताना आईने एक गोष्ट केली, जिची मला कल्पना नव्हती. ती मुलांना म्हणाली, "आज काय ऐकलंत? तीन वाक्यांत सांगा." मग तिने सांगितले की ती लहान असताना तिचे वडील तिला बोटाशी धरून याच व्याख्यानमालेला नेत, आणि घरी पोचेपर्यंत तीन वाक्यांत ऐकलेले सांगितल्यावाचून जेवावयास बसू देत नसत. थोरल्याने दोन वाक्ये बरोबर सांगितली आणि तिसऱ्याला अडला. तेव्हा आई म्हणाली, "तिसरं मी सांगते. पानशेत फुटलं तेव्हा मी आठ वर्षांची होते."

१२ जुलै १९६१ या दिवशी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांतून शिरले, हे पुण्यातील प्रत्येकाला ऐकून माहीत आहे. माझे आजोळ नारायण पेठेत होते, तेही त्या पुरात सापडले होते, हेही मला ठाऊक होते. परंतु ती हकीकत आईच्या तोंडून सविस्तर ऐकण्याचा प्रसंग माझ्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात आला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, तिने आम्हांस नारायण पेठेत नेले. वाड्याच्या जागी आता सहा मजली इमारत उभी आहे. तिच्या फाटकाशी उभी राहून, काळा चष्मा क्षणभर कपाळावर सारून, आईने दुसऱ्या मजल्याच्या सज्जाकडे बोट दाखविले आणि म्हणाली, "आमचं स्वयंपाकघर साधारण इतक्या उंचीवर. पाणी उतरलं तेव्हा पितळी डबे सगळे जागच्या जागी होते, पण उघडून पाहिले तर पिठाच्या जागी चिखल." धाकटीने ते वाक्य जसेच्या तसे वहीत उतरून घेतले. उजव्या रकान्यात तिने शून्य मांडले.

*

थोरल्याबरोबर पहाटे पर्वती चढण्याचा नेम मी त्या महिन्यात सांभाळला. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधविलेल्या देवदेवेश्वराच्या पायऱ्या त्याने पहिल्याच दिवशी मोजल्या, त्या एकशे तीन भरल्या. वर पोचल्यावर साऱ्या शहराचा विस्तार एका दृष्टिक्षेपात येतो, आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईचा रंग दुसऱ्या बाजीरावाने येथूनच पाहिला, हे सांगताना इतिहासाचे पुस्तक आणि समोरचा प्रदेश यांची सांगड आपोआप बसते. डोंगराच्या पायथ्याचे सारसबागेचे मैदान हे एके काळी नानासाहेबांनीच करविलेल्या तळ्याचे पात्र होते. कात्रजच्या तलावांतून दगडी नळाने, जागोजाग उच्छ्वास बांधून, त्यांनी शहरात पाणी खेळविले. काळा हौद, बदामी हौद ही नावे त्या व्यवस्थेची साक्ष आजही देतात. ज्याला तहान लागेल त्याने हौदावर यावे आणि पाणी न्यावे, अशी ती तजवीज होती.

परंतु 'ज्याला तहान लागेल त्याने' हे शब्द लिहिताना लेखणी थांबली पाहिजे, कारण शतकाहून अधिक काळ ते खरे नव्हते. ११ मे रोजी रविवार होता. १८८८ साली याच तारखेस मुंबईच्या मांडवी येथील सभेत जोतीरावांना 'महात्मा' ही पदवी जनतेने अर्पण केली, म्हणून आम्ही तो दिवस निवडून गंज पेठेतील फुले वाड्यात गेलो. कौलारू छपराचे ते साधे घर, भिंतींवरचे चित्रप्रसंग, मागील बाजूस वृंदावनाच्या रूपातील समाधी, हे सारे शांतपणे पाहता येते. कोणी अडवीत नाही, कोणी घाई करीत नाही. १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद जोतीरावांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजास खुला केला. पेशव्यांचे हौद गावाचे होते, तरी सर्वांचे नव्हते. हा हौद एका गृहस्थाच्या घरचा होता, आणि तो सर्वांचा झाला. धाकटीने विचारले, "मग त्यांच्याकडे बाकीचे लोक पाणी प्यायला येईनासे झाले का?" त्या काळी लोकांनी जोतीराव व सावित्रीबाईंना काय काय सोसावयास लावले ते मी तिला सांगितले. परतीच्या बसमध्ये ती बराच वेळ काही बोलली नाही. त्या रात्री वहीत तिने एकच ओळ लिहिली : 'हौद पाहिला. पाणी सर्वांना.'

*

या महिन्यातील सर्वांत मोठा सोहळा आमच्या इमारतीच्या गच्चीवर झाला, आणि तो घडवून आणणारा साक्षात सूर्य होता. पुणे साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. उत्तरायणात सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेस सरकत असतो, आणि १३-१४ मेच्या सुमारास माध्यान्ही तो पुण्याच्या बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा ताठ उभ्या वस्तूची सावली तिच्या तळाखाली लपते. यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधील प्रत्येक गावाला असे दिवस वर्षातून दोनदा लाभतात. पुण्याचा दुसरा दिवस जुलैच्या अखेरीस येतो, परंतु त्या वेळी आभाळ पावसाच्या ताब्यात असते. म्हणून खरी संधी मे महिन्याचीच. विशेष असे की, संपूर्ण महाराष्ट्र या दृष्टीने मे महिन्याचा वाटेकरी आहे. पहिल्या आठवड्यात कोल्हापूर, मग पुणे, दोन दिवसांनी मुंबई, विसाच्या सुमारास नाशिक आणि सव्वीसच्या सुमारास नागपूर, अशी सूर्याची ही वारी दक्षिणेकडून उत्तरेकडे आपल्या राज्यातून पायी चालत जाते, आणि नेमकी त्याच वेळी शाळांना सुटी असते. १९४४ साली पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांनी या दिवसाची गोडी लोकांना लावली.

१३ मे रोजी सकाळपासून आभाळ भरून आले होते आणि मुले वारंवार गच्चीचा जिना चढून-उतरून निराश होत होती. बारा वाजून वीस मिनिटांनी ढग बाजूला झाले. हिंगाची उभी गोल डबी, औषधाची बाटली आणि नळकामातून उरलेला प्लॅस्टिकच्या पाइपाचा एक हातभर तुकडा, एवढीच आमची उपकरणे. डोळा सांभाळावयाचा म्हणून आई जिन्यावरच्या छपराखाली खुर्ची टाकून बसली होती. इमारतीतील दहा-बारा माणसे, त्यांत रखवालदार आणि त्याची मुलगीही, भोवती गोळा झाली होती. डबीच्या सावलीभोवती धाकटी दर पाच मिनिटांनी खडूने रेघ ओढीत होती. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेच्या आत पडत होती. साडेबारा वाजले, एकतीस मिनिटे झाली, आणि खडू टेकवावयास जागा उरली नाही. पाण्याच्या टाकीची भली मोठी सावली टाकीच्या पोटाखाली जाऊन बसली. थोरल्याने पाइप उभा धरला, तेव्हा त्याच्या बुडाशी फरशीवर पैशाएवढा प्रकाशाचा वाटोळा ठिपका उतरला. कडेला अंधार, मध्ये ऊन. रखवालदाराची मुलगी स्वतःच्या पायांकडे पाहत म्हणाली, "मी कुठे गेले?" आणि सगळे खळखळून हसले. दोन-तीन मिनिटांत डबीच्या दुसऱ्या अंगास सावलीची नखाएवढी कोर पुन्हा दिसू लागली. आई छपराखालून म्हणाली, "बहात्तर वर्षे या गावात काढली, दरवर्षी हे डोक्यावरून गेलं, आणि मी आज पाहिलं."

*

या साऱ्या दिवसांत एका शब्दाचा अर्थ मला नव्याने उमगला. कोणत्याही कार्यक्रमाच्या खाली 'प्रवेश विनामूल्य' असे छापलेले असले की आपण त्याला बोलताना 'फुकट' म्हणतो. फुकट या शब्दात वस्तूची किंमत नाही आणि घेणाऱ्याची जबाबदारीही नाही. परंतु या शहरात त्याहून जुना आणि भारदस्त असा दुसरा एक शब्द आहे, तो म्हणजे सार्वजनिक. २ एप्रिल १८७० रोजी येथे सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या कामात आयुष्य घालणाऱ्या गणेश वासुदेव जोशी यांना लोक 'सार्वजनिक काका' म्हणू लागले. एखाद्या माणसाला समाजाने दिलेले याहून मोठे इनाम मला ठाऊक नाही. जे सार्वजनिक असते त्याची किंमत कोणी ना कोणी चुकती केलेली असते. दीडशे वर्षे दर उन्हाळ्यात वक्ते मिळविणारे, खुर्च्या मांडणारे कार्यकर्ते ती देतात. ज्या हौदाचे दार उघडल्याबद्दल घराला बहिष्कार सोसावा लागला त्या घराने ती दिली. देवळात पेटी-तबल्याच्या साथीने दोन-दोन तास उभे राहून पूर्वरंगातले निरूपण आणि उत्तररंगातले आख्यान रंगविणारे कीर्तनकार ती देतात. एका गुरुवारी आम्ही अशा कीर्तनाला बसलो होतो. आरतीचे तबक फिरले तेव्हा थोरल्याने स्वतःच्या खाऊच्या पैशांतले दहा रुपये त्यात टाकले. त्याला कोणी सांगितले नव्हते.

पूर्वसूरींनी दिलेली ही ठेव सांभाळण्यात आपण कमी पडतो, हेही या महिन्यात दिसले. एका उद्यानात पिण्याच्या पाण्याचे चारही नळ कोरडे होते आणि स्त्रियांच्या स्वच्छतागृहाला भरदुपारी कुलूप होते; आईला तेथून तसेच परत यावे लागले. एका टेकडीवर पाखरांसाठी कोणी भल्या माणसाने ठेवलेल्या मातीच्या परळात प्लॅस्टिकच्या पिशव्या कोंबलेल्या होत्या. त्या उपसून, आमच्या बाटलीतले पाणी ओतून, आम्ही बाजूला उभे राहिलो, आणि थोड्या वेळाने एक बुलबुल येऊन पाणी पिऊन गेला. कारभाऱ्यांस जाब विचारणे हे नागरिकाचे कर्तव्य आहेच. परंतु ज्या बागेत आपण पाऊल टाकीत नाही तिच्या कोरड्या नळाबद्दल आपण जाब तरी कशाच्या बळावर विचारणार? सभागृहातील रिकाम्या खुर्च्या, ओस पडलेली वाचनालये, बंद झालेली कीर्तने, यांचा दोष काळावर ढकलणे सोपे आहे. मी स्वतः त्या रस्त्याने वर्षानुवर्षे जात होतो आणि आत जात नव्हतो, हे त्याचे खरे कारण आहे.

दूरच्या प्रवासाची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. समुद्र पाहावा, हिमालय पाहावा, ज्यांना शक्य आहे त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा करावी. एवढेच म्हणावयाचे आहे की, ज्या मुलाला आपल्या गावचे पाणी कोठून आले, कोणासाठी आले आणि कोणाला नाकारले गेले हे ठाऊक आहे, त्याला परक्या गावचे वैभवही अधिक खोलवर कळेल. आणि ज्या घराजवळ प्रवासाला पैसा नाही, त्या घरातल्या मुलाने आपली सुटी झालीच नाही असे मानण्याचे काही कारण उरणार नाही. आमच्या गच्चीवरच्या सोहळ्यात रखवालदाराच्या मुलीचा वाटा माझ्या मुलांच्या वाट्याहून तसूभर कमी नव्हता.

*

यंदा २६ मे रोजीच मोसमी पाऊस पुण्यास पोचला आणि आमचा उन्हाळा ठरल्या मुदतीआधी संपला. ३१ मेच्या रात्री धाकटीने रोजकीर्द पुरी केली. बसभाडे, उसाचा रस, आंबे, आईसाठी रोज एक मोगऱ्याचा गजरा आणि तबकात पडलेले पैसे मिळून उजव्या रकान्याची बेरीज एक हजार नऊशे साठ रुपये झाली. डाव्या रकान्याची बेरीज कशी करावयाची असे तिने विचारले. ती करता येत नाही, असे आजीने तिला सांगितले. थोरला आता शाळेतून आल्यावर, कोणी न विचारता, दिवसभरात काय ऐकले ते तीन वाक्यांत आजीला सांगतो.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दिवाळी असेल आणि उन्हाळा दूर वाटेल. तरीही वाचकांना एक विनंती करून ठेवतो. येत्या २१ एप्रिलला पुण्यातील व्याख्यानमाला पुन्हा सुरू होईल. आपल्या गावीही एखादी असेल, नसल्यास एखादे वाचनालय, एखादे कीर्तन, एखादी टेकडी तरी असेलच. त्या महिन्यातील एक संध्याकाळ आजच राखून ठेवावी, घरातील एका मुलाला आणि एका वृद्ध माणसाला बरोबर घ्यावे, पुढल्या रांगेत जागा धरावी, आणि परतीच्या वाटेवर त्या मुलाला विचारावे : आज काय ऐकलंस?